सोमवारची यादी

पत्र थोडक्यात : पत्रलेखक २९ वर्षांचा, मूळचा सांगली जिल्ह्यातला, गेली दहा वर्षं पुण्यात. नवव्या वर्षी हातात रॅकेट आली. बारावीनंतर बी. कॉम.ला बाहेरून नाव घातलं, ते शेवटच्या वर्षात अडकलंय. आठ वर्षं आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) खालच्या पायरीवरच्या, १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धा खेळला. भारतात, आणि पैसे जमतील तसं ट्युनिशिया, इजिप्त, थायलंडला. जागतिक क्रमवारीत दुहेरीत ५१२ पर्यंत पोचला, एकेरीत आठशेच्या आत कधी आला नाही. मग खांद्याचं लॅब्रम (सांध्याभोवतीची कूर्चा) फाटलं, ऑपरेशन झालं, पण सर्व्हिसचा वेग काही परत आला नाही. शेवटची मॅच खेळून चौदा महिने झाले. 'सोडलं' असं त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. विचारलं की 'ब्रेक घेतलाय' म्हणतो. सध्या सकाळ-संध्याकाळ बाणेरच्या एका सोसायटीच्या कोर्टवर मुलांना शिकवतो.

वडील सहकारी बँकेत होते. मुलाबरोबर स्पर्धांना जाता यावं म्हणून पन्नाशीत त्यांनी नोकरी सोडली. यंदा गणपतीत घरी गेला तेव्हा वडिलांच्या खर्चाच्या तीन लाँगबुक वह्या त्याच्या हाती लागल्या. "प्रवास, एंट्री फी, गटिंग (रॅकेटच्या तारा बसवणं), केळी, सगळं तारखेनिशी. मध्येच 'पाऊस. मॅच नाही. भडंग खाल्लं.' असंही. कुठेच बेरीज नव्हती. मी रात्री फोनवर केली. ६१ लाख ४० हजार." समोर तीन वाटा आहेत. काका दहा लाख द्यायला तयार आहेत, 'एक वर्ष फक्त दुहेरी खेळून बघ' म्हणतात. एक जुना जोडीदार अकादमीत भागीदारीला बोलावतोय. ओळखीतून विमा कंपनीत नोकरीही मिळतेय. "बाबा दर सोमवारी नवं रँकिंग लागलं की बघतात, आठ वर्षं झाली. पण गेले दोन महिने फोनवर टेनिसचं नाव काढत नाहीत, जेवलास का एवढंच विचारतात. चिडले असावेत. वीस वर्षं आणि त्यांचे पैसे वाया घालवले, हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि आता मी आहे तरी कोण?"

*

प्रिय मित्रा,

तुझ्या मोठ्या प्रश्नांकडे वळायच्या आधी एक छोटा हिशेब करू. त्याचे दोन्ही आकडे तुझ्या पत्रात आहेत, फक्त वेगवेगळ्या पानांवर.

रँकिंगचे पॉइंट बावन्न आठवडे टिकतात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात मिळाले, यंदा त्याच आठवड्यात गळतात. हे मी तुला सांगायला नको. तुझी शेवटची मॅच चौदा महिन्यांपूर्वीची. म्हणजे दोनेक महिन्यांपूर्वीच्या कुठल्याशा सोमवारी तुझे उरलेसुरले पॉइंट गेले आणि त्यांच्याबरोबर यादीतलं तुझं नावही गेलं. बाबा दर सोमवारी ती यादी बघतात. आणि दोन महिन्यांपासून ते टेनिसचं नाव काढत नाहीत.

बाबांना कळलंय रे.

नुसतं कळलंय असंही नाही, त्याआधीचे कितीतरी सोमवार त्यांनी तुझं नाव खाली खाली सरकताना पाहिलं असणार. ५१२ चे सहाशे, सहाशेचे हजार. आणि एका सकाळी नावच नाही. तेव्हा त्यांनी काय केलं असेल? मला वाटतं, आडनाव पुन्हा एकदा टाइप करून पाहिलं असेल. मग लॅपटॉप मिटला असेल, आणि संध्याकाळी तुला फोन करून विचारलं असेल, जेवलास का.

मी चुकतही असेन. त्यांचं इंटरनेट बंद असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण तू लिहितोस तसं 'चिडलेला' माणूस रोज फोन करून जेवणाची चौकशी करत नाही. चिडलेले वडील फोन आईकडे देतात, हा माझा या सदरातल्या पत्रांवरचा अनुभव आहे. तू त्यांच्यापासून एक गोष्ट लपवतोयस, आणि ती आपल्याला कळलीय हे ते तुझ्यापासून लपवताहेत. दोघंही एकमेकांना जपताहेत आणि दोघंही एकटे पडलेत. आपल्याकडच्या घरांत हे असं वर्षानुवर्षं चालू शकतं, कुणी मुद्दाम थांबवलं नाही तर.

आता वह्या.

६१ लाख ४० हजार हा आकडा तुझ्या पत्रात चार वेळा आलाय. मी मोजलं. शेवटच्या वेळी तर तू त्याच्याखाली रेघ मारलीयस. पण तो आकडा बाबांचा नाही, तुझा आहे. जन्मभर बँकेत खाती जुळवलेल्या माणसाने तीन वह्या भरल्या आणि एकाही पानाखाली बेरीज केली नाही, हे विसरल्यामुळे होत नाही. बँकेतल्या माणसाला पानाखाली बेरीज करायची इतकी सवय असते की वाण्याच्या यादीलाही तो खाली रेघ ओढतो. त्यांनी ती ओढली नाही, कारण बहुधा त्यांना तो आकडा नको होता. तू रात्री, त्यांच्या नकळत, फोनवर तो काढलास आणि आता त्याच्याखाली दबून गेलायस.

आणि ती नोंद परत वाच. 'पाऊस. मॅच नाही. भडंग खाल्लं.' ही कुठल्या खात्यात टाकायची, नावे की जमा? एखाद्या अंडर-फोर्टीनच्या स्पर्धेला, परगावच्या क्लबच्या पत्र्याच्या शेडखाली, ओल्या कोर्टकडे बघत बाप-लेक भडंग खातायत, आणि रात्री लॉजवर आल्यावर बाप ते वहीत लिहून ठेवतोय. याला खर्चाची वही म्हणायचं तर म्हण. मला ती रोजनिशी वाटली.

अर्थात पैसे खरे असतात आणि ते कमी नव्हते. म्हणून एक कर. बाबांवर आज कुठलं चालू कर्ज आहे का, सोनं गहाण आहे का, कुणाकडून उसने घेतलेले परत करायचे राहिलेत का, हे सरळ विचार. असतील तर तो आकडा वेगळा काढ. ते देणं आहे आणि ते फेडण्यात तू वाटा उचलायला हवास, महिना पाच हजारांनी का होईना. उरलेले पैसे आई-वडिलांनी मुलावर खर्च केलेत. ते परत करायचे नसतात, आणि तू करू लागलास तर त्यांना ते आवडणारही नाही. (आईवरून आठवलं. इतक्या लांब पत्रात आई एकदाच येते, तीही डबा भरून देताना. बाबा नोकरी सोडून तुझ्याबरोबर फिरत होते तेव्हा घर कशावर चाललं, हे तिला एकदा विचार. त्या खर्चाची वही कुणी ठेवलेली नाही.)

आता 'वाया' या शब्दाकडे येते. तू समजून बसलायस की तू कमी पडलास म्हणून पैसे बुडाले. इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचंय, आणि त्यासाठी तुझ्याच खेळातले आकडे वापरते.

आयटीएफने २०१३ सालच्या व्यावसायिक टेनिसचा हिशेब मांडला होता. त्यात विमान, हॉटेल, जेवण, गटिंग, कपडे धुणं असा सगळा खर्च धरून, कोचचा पगार सोडून, पुरुष खेळाडूला वर्षाला सरासरी ३८,८०० डॉलर लागतात असं निघालं. बाईला ४०,१८०. आणि बक्षिसाच्या पैशांतून हा खर्च भरून निघायला पुरुषांत ३३६ वा आणि स्त्रियांत २५३ वा क्रमांक लागत होता. त्याच्या खाली असलेला प्रत्येक जण पदरचे घालून खेळत होता. त्या वर्षी खेळलेल्या पुरुषांपैकी ३,८९६ जणांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नव्हता. मधल्या काळात बक्षिसं थोडी वाढली, तसा खर्चही वाढला. १५ हजारांच्या स्पर्धेत एकेरीची पहिली फेरी हरलं की हातात दोनशे डॉलरही पडत नाहीत, हे तुला पाठ असेल. हॉटेलचे दोन दिवस.

तर तू पाचशेच्या घरात असताना पैसे सुटत नव्हते याचं कारण तुझा बॅकहँड नव्हे. या धंद्याची रचनाच अशी आहे की वरचे तीनएकशे कमावतात आणि खालचे हजारो जण त्यांच्यासाठी शिडी धरून उभे राहतात. हे तुला नवव्या वर्षी कुणी सांगितलं नाही. बाबांनाही कुणी सांगितलं नसणार. अकादम्यांच्या फलकांवर ३३६ हा आकडा लिहिलेला नसतो.

या आकड्यांवरूनच काकांच्या दहा लाखांकडे येते. काकांचं मन मोठं आहे, ते बाजूला ठेवू. ३८,८०० डॉलर म्हणजे आजच्या दराने तीस लाखांच्या वर, आणि तोही २०१३ सालचा खर्च. तू कितीही काटकसर केलीस, तिघांत एक खोली घेतलीस, भात-डाळ स्वतः शिजवलीस, तरी दहा लाखांत पूर्ण वर्ष निघेल असं मला दिसत नाही. निघालेच तर चार-पाच महिने निघतील. शिवाय आता तुझ्याकडे पॉइंट शून्य आहेत. दुहेरीत प्रवेश दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर मिळतो. शून्यावरच्या माणसाला घेऊन कोण उतरणार? उतरलाच तर मैत्रीखातर, आणि तो स्वतःचे आठवडे तुझ्यासाठी घालवणार. हे ओझंही मोजून ठेव.

काका तुला सुमित नागलचं उदाहरण देतात असं तू लिहिलंयस. देणारच. सप्टेंबर २०२३ मध्ये नागलने सांगितलं की आपल्या खात्यात फक्त नऊशे युरो उरलेत, आणि पुढच्या जानेवारीत मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, त्याने ३१ वं मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवलं. त्याच वर्षी तो ६८ व्या क्रमांकापर्यंत गेला. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण काका तिचा उत्तरार्ध सांगतात. तू पूर्वार्ध ऐक. देशातला एक नंबरचा एकेरी खेळाडू, वर्षभर राबून, ऐंशी हजार रुपयांवर आला होता. दुसरं उदाहरण रोहन बोपण्णाचं येईल, अजून आलं नसेल तर. त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन, दुहेरीत जगात पहिला. पण बोपण्णा थकला होता तेव्हाही तो ग्रँड स्लॅमच्या ड्रॉमध्ये थकला होता. तू ट्युनिशियातल्या मोनास्टिरच्या क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीत, थकलास. दोन्ही थकवे खरे, पण परतीचं तिकीट वेगळं.

एवढं सांगूनही मी 'नाही' म्हणणार नाही, कारण परत खेळायचंच असेल तर माझ्या सदराने तुला कोण अडवणार? फक्त काकांचे पैसे घेण्याआधी दोन माणसांना विचार : तुझ्या फिजिओला, आणि अशा एका कोचला ज्याला तुझ्याकडून फी मिळत नाही. तीन महिने पूर्ण वेगाने सर्व्हिस टाकून बघ, स्वतःच्या खर्चाने, इथेच. खांदा नाही म्हणाला तर त्याचं ऐक. आणि एक प्रश्न स्वतःला विचार, उत्तर मला कळवायची गरज नाही : तुला खेळायचंय, की 'सोडलं' हा शब्द आणखी एक वर्ष पुढे ढकलायचाय?

कारण तुझ्या पत्रात एक समजूत शिरून बसलीय की सोडतो तो हरलेलाच. ॲश बार्टी मार्च २०२२ मध्ये थांबली तेव्हा पंचवीस वर्षांची होती, जगात पहिली होती आणि दोनच महिन्यांपूर्वी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती. त्याआधी एकदा टेनिस सोडून ती ब्रिस्बेनकडून क्रिकेटही खेळून आली होती. आता तू म्हणशील, तिला परवडतं. बरोबर आहे. म्हणून दुसरा माणूस घे, ज्याला शरीराने थांबवलं.

मारिओ आंचिच. क्रोएशियातल्या स्प्लिटचा. २००२ साली अठराव्या वर्षी, क्वालिफाइंगमधून येऊन, विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत त्याने फेडररला हरवलं. २००४ ला तिथेच उपांत्य फेरी, २००६ ला जगात सातवा. आणि २००७ मध्ये त्याला ग्रंथिज्वराने, ज्याला ते मोनो म्हणतात, अंथरुणाला खिळवलं. महिनोन्महिने. त्या दिवसांत त्याने काय केलं, तर स्प्लिटच्या विद्यापीठातली अर्धवट राहिलेली कायद्याची पदवी पुरी केली. खेळायला परत आला, पुन्हा आजार, मग पाठ. २०११ मध्ये सव्विसाव्या वर्षी निवृत्त झाला. पुढे न्यूयॉर्कला कोलंबियात कायद्याचंच पुढचं शिक्षण आणि मग बँकिंगमधली नोकरी. सातव्या क्रमांकाच्या माणसाने परीक्षेचा अर्ज भरला, तर तुझ्या बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला काय हरकत आहे? तीन वाटांपैकी कुठलीही घे, पण ही पदवी आधी संपव. विद्यापीठाच्या नियमांत तुझे जुने पेपर अजून धरतात का, हे या आठवड्यात जाऊन विचार. ऑनलाइन बघून समाधान करून घेऊ नकोस. खिडकीवरच्या माणसाला विचार.

अकादमीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझं मन तिथे आहे असं मला दिसतंय. विम्याच्या नोकरीला तू अर्धी ओळ दिलीस, काकांना दोन. आणि सोसायटीतल्या त्या आठ वर्षांच्या मुलीला, जिचा टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू, डोक्याच्या मागे जातो, अख्खं पान. चेंडू बोटांवर धरू नको, आईस्क्रीमचा कोन धरल्यासारखा धर, असं सांगून बघितलं. मग कुंपणाला तोंड करून उभं केलं, म्हणजे टॉस मागे गेला की तिलाच दिसेल. तिसऱ्या आठवड्यात सहा टॉस सरळ पडले. त्याच पत्रात वर तू लिहिलंयस, 'कोचिंग म्हणजे हार मान्य करणं.' दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत हे मला परत वर जाऊन बघावं लागलं.

खेळता येणं आणि शिकवता येणं या वेगळ्या कला आहेत. गाणाऱ्यांच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मैफल गाजवणारा प्रत्येक जण शिष्य तयार करू शकत नाही. खेळात मात्र आपण शिकवणाऱ्याला 'खेळून झालेला' समजतो. तुला जे आठ वर्षांत पायाखालून गेलंय, म्हणजे क्ले कोर्टवर घसरून थांबायचं कसं, तिसऱ्या सेटला पोटात गोळा येतो तेव्हा काय खायचं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कोर्टवर कसं यायचं, हे पुस्तकातून आलेल्या कोचकडे नसतं. पण ते आपोआप शिकवताही येत नाही. एआयटीएमार्फत (अखिल भारतीय टेनिस संघटनेमार्फत) होणारा आयटीएफचा लेव्हल वन कोर्स कर. सरकारी कोचच्या जागांचा विचार असेल तर तिथे पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा मागतात. त्या वर्षी टेनिसची तुकडी आहे का ते आधी बघ. प्रथमोपचाराचा कोर्स कर. लहान मुलांना शिकवतोस तर पोलिस पडताळणीचा दाखला स्वतःहून काढून ठेव, आणि एकट्या मुलाला किंवा मुलीला शिकवताना दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असेल असा नियम पहिल्या दिवसापासून घाल. पालकांना त्याने धीर येतो आणि तुलाही तो उपयोगाचा आहे.

आणि खांदा. दिवसाला दोनशे सर्व्हिस करून दाखवणारा कोच पाच वर्षांत दुसऱ्या ऑपरेशनला जातो. टोपलीतून चेंडू दे, सर्व्हिस मोबाइलवर चित्रित करून दाखव, आणि स्वतः दाखवायचीच तर दहा.

भागीदारीबद्दल मात्र मी तुझ्यापेक्षा जास्त सावध आहे. तुझा मित्र चांगला असेल. पण कोर्ट कुणाचं? बहुतेक अकादम्या सोसायटीच्या किंवा क्लबच्या कोर्टवर करारावर चालतात. सोसायटीची कमिटी वार्षिक सभेत बदलते आणि नव्या सेक्रेटरीला कोर्टवर पिकलबॉलच्या रेघा मारायच्या असतात. तेव्हा करार कुणाच्या नावावर आहे, किती वर्षांचा, किती महिन्यांची नोटीस, दिव्यांचं बिल आणि कोर्टचा नवा थर कुणाच्या खिशातून, हे कागदावर बघितल्याशिवाय एक रुपयाही घालू नकोस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात उघडं कोर्ट किती सकाळी कोरडं असतं हे तुला माहीत आहे; त्या चार महिन्यांत फी येते की नाही, मे महिन्याच्या शिबिरांवर वर्ष ढकलावं लागतं का, हे त्याच्या मागच्या दोन वर्षांच्या हिशेबात बघ. दाखवायला कां-कूं केली तर तेच उत्तर समज. माझा सल्ला विचारशील तर पहिले सहा महिने पगारावर काम कर. नेहमीच्या बॅच, शनिवारची मॅच-प्रॅक्टिस, पालकांचे फोन, सगळं अंगावर घे. मग ठरव.

विम्याच्या नोकरीवर फारसं लिहायला नाही, तूही लिहिलं नाहीस. ती घेणं म्हणजे खेळाशी बेइमानी नाही एवढंच सांगते. सकाळी सहा ते आठ कोर्ट आणि दहा ते सहा ऑफिस करणारे लोक आहेत. कर्जाचा आकडा निघालाच तर काही वर्षं तेही करावं लागेल. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यात कुठल्या स्पर्धेतली कुठली कामगिरी धरतात याचे नियम काटेकोर आहेत, आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा तुझी शालेय आणि राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्रं आत्ताच फायलीत लाव. आयटीएफच्या निकालांपेक्षा तीच कामाला येण्याची शक्यता जास्त. लाइन अंपायर होण्याचा विचार तू कंसात लिहून खोडलायस. खोडलास ते बरं केलंस. २०२५ पासून विम्बल्डननेही लाइनवरची माणसं काढून यंत्रं लावली.

'मी आहे तरी कोण' याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ते रात्री तीन वाजता शोधू नकोस. तुला रोज त्या वेळी जाग येते आणि मग झोप लागत नाही असं तू ओझरतं लिहिलंयस. वीस वर्षं शरीराला पहाटेची, स्पर्धेची, जेट लॅगची सवय आहे, ते एकदम मोकळं पडलंय. काही आठवड्यांत सुधारलं नाही तर समुपदेशकाकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात. गुडघ्याला फिजिओ चालतो, तर याला का नको?

या पत्राचं उत्तर मी एवढं लांबवतेय त्याचं एक कारण म्हणजे अशी पत्रं टेनिसवाल्यांचीच येत नाहीत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सहावा प्रयत्न देणाऱ्या मुलांची येतात, रणजीच्या संभाव्य यादीत दोनदा येऊन गेलेल्यांची येतात, एका जलतरणपटूच्या आईचं आलं होतं. जे अजून मध्यावर आहेत त्यांना एकच सांगते. थांबायचा आकडा जोरात असतानाच ठरवा. किती महिने, किती पैसे, कुठल्या निकालाला थांबायचं, हे घरातल्यांसमोर कागदावर लिहा आणि तारीख टाका. तारीख आली की पुन्हा बसा, हवं तर वाढवा, पण बसा. दमल्यावर घेतलेला निर्णय सोडून दिल्यासारखा वाटतो. आधी ठरवलेला निर्णय निदान आपला वाटतो.

आणि तुझा तो शेवटचा, संकोचून विचारलेला प्रश्न. स्थळाच्या बायोडेटात 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचं? 'टेनिस प्रशिक्षक. आठ वर्षं व्यावसायिक टेनिस खेळलो.' पूर्णविराम. क्रमांक लिहू नकोस. विचारला तर सांग. 'ब्रेक'बिक अजिबात नको. जिला ५१२ म्हणजे फक्त ५१२ वाटेल, ती तू पाच तास चाललेली मॅच हरून आलास त्या रात्री काय बोलायचं ते शिकणार नाही. (पाच तासांच्या मॅच तुमच्या पातळीवर होत नाहीत हे मला माहीत आहे. तीनच सेट असतात. पण घरी आल्यावर पाचच वाटत असतील.)

बाबांना फोनवर सांगू नकोस. आईकरवी निरोपही नको. शनिवारच्या रात्रीची एसटी घे, रविवारी घरी राहा, जेव, झोप काढ. वह्यांचा विषय काढू नकोस, बेरीज तर मुळीच सांगू नकोस. भडंगाचं विचारायला हरकत नाही. कुठल्या गावची मॅच होती ते तुला आठवत नाही, त्यांना आठवेल. सोमवारी सकाळी ते चहा घेऊन लॅपटॉप उघडतील तेव्हा खुर्ची ओढून शेजारी बस. आडनाव तू टाइप कर.